रेल्वे लेआउटसाठी जुन्या काळच्या छोट्या गाड्या आणि ट्रक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात घरी रेल्वेचा लेआउट, म्हणजे छोट्या प्रतिकृतींचा देखावा, करणाऱ्यांकडून जे प्रश्न फिरून फिरून येतात, ते इथे एकत्र केले आहेत. इंजिन-डब्यांवर महिनोन्‌महिने खपणारी माणसे रस्त्यावरच्या गाड्या शेवटी घाईत आणतात आणि सगळा देखावा तिथेच फसतो. पाहणाऱ्याला वायपी आणि वायजी या मीटरगेजच्या वाफेच्या इंजिनांतला फरक कळेलच असे नाही, पण ॲम्बेसिडर आणि मारुती प्रत्येकाला ओळखता येते.

१. माझा लेआउट एचओ आहे. गाड्या कोणत्या स्केलच्या घ्यायच्या?

१:८७ च्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या ८७ व्या भागाएवढ्या. एचओ, ओओ, एन ही मॉडेल रेल्वेच्या मापांची नावे. ओओ असेल तर १:७६, एन असेल तर १:१६० (ब्रिटिश एन १:१४८, जपानी १:१५०). ॲम्बेसिडरची खरी लांबी ४३२५ मिमी. ती एचओत ५० मिमीच्या किंचित आत भरते, ओओत ५७, तर १:१६० च्या एनमध्ये २७ मिमी. पट्टी हाताशी ठेवा आणि खोक्यावर छापलेल्या आकड्याऐवजी गाडी स्वतः मोजा.

१:८७ मध्ये विकिंग, हेर्पा, बुश आणि ब्रेकिना या जर्मन कंपन्यांचा माल सर्वांत रेखीव असतो. पन्नास-साठच्या दशकांसाठी आधी ब्रेकिना आणि विकिंग पाहावे. १:७६ मध्ये ऑक्सफर्ड डायकास्टची मोठी यादी आहे आणि त्यातल्या ब्रिटिश गाड्या आपल्याकडच्या रस्त्यांना जास्त जवळच्या आहेत.

२. खेळण्यांच्या दुकानातली डायकास्ट (ओतीव धातूची) गाडी चालणार नाही का? ती स्वस्त पडते.

हॉट व्हील्स, मॅचबॉक्स साधारण १:६४ च्या आसपास असतात. एचओशेजारी अशी गाडी एक-तृतीयांशाहून जास्त लांब दिसते. चावीच्या किंवा मागे ओढून सोडायच्या प्लॅस्टिक ॲम्बेसिडर त्याहून कितीतरी मोठ्या.

स्केल काढायला खऱ्या गाडीची लांबी मॉडेलच्या लांबीने भागा. १२० मिमीची खेळण्यातली ॲम्बेसिडर म्हणजे ४३२५ भागिले १२०, अर्थात १:३६. मग चाकांमधले अंतरही तपासा. ॲम्बेसिडरच्या पुढच्या-मागच्या आसांत खरे अंतर २४६४ मिमी आहे, एचओत ते २८ मिमी यायला हवे. खेळण्यांत लांबी आखडून चाके मोठी करायची सवय असते, म्हणून लांबीवरून एक स्केल निघते आणि आसांवरून दुसरीच. अशी गाडी कुठल्याच लेआउटवर नीट बसत नाही.

वास्तुरचनेच्या मॉडेलसाठी विकतात त्या १:१०० किंवा १:१५० च्या बिननावाच्या गाड्या फक्त लांब मागे, झाडाआड ठेवायला बऱ्या. त्यांचा आकार आजच्या गाड्यांचा असतो, जुन्या काळाला त्या उपयोगी नाहीत.

३. १:७६ आणि १:८७ एकाच लेआउटवर मिसळले तर कळते का?

एकाच जातीच्या दोन गाड्या शेजारी असतील तर लगेच कळते. ओओ गाडी एचओपेक्षा साधारण १४ टक्के मोठी. ट्रक आणि बसमध्ये हे खपून जाते, कारण खरे ट्रकही वेगवेगळ्या मापांचे असतात. मोटारगाडी आणि माणसांचे पुतळे यांत खपत नाही: दाराच्या कडीची उंची आणि माणसाचा हात जुळत नाही.

मोठे स्केल प्रेक्षकाच्या बाजूला, छोटे मागे. त्यांच्यात किमान हातभर अंतर आणि मध्ये घर, झाड किंवा चिऱ्याचा गडगा ठेवला की मिसळ अंगाशी येत नाही. मागच्या डोंगरावरच्या रस्त्याला एन स्केलचा ट्रक ठेवला तर खोलीही जास्त भासते.

४. काळ ठरवायचा कसा? मला सगळ्याच जुन्या गाड्या आवडतात.

एक वर्ष कागदावर लिहून भिंतीला लावा. दशक नको, वर्षच हवे. देखाव्यातली सर्वांत नवी गाडी त्या वर्षाच्या पुढे जाता कामा नये. जुन्या कितीही चालतील. १९६५ च्या देखाव्यात १९४८ ची मॉरिस मायनर शोभून दिसते, पण १९८३ च्या डिसेंबरात बाजारात आलेली मारुती ८०० एकच ठेवली तरी सगळा देखावा वीस वर्षे पुढे सरकतो.

नवी-जुनी यांचे प्रमाणही असते. त्या काळी गाडी दहा-पंधरा वर्षे सहज चाले, म्हणून रस्त्यावर बहुतेक गाड्या पाच-दहा वर्षे जुन्या, थोड्या पोचलेल्या आणि एखादीच चकचकीत ठेवावी. सगळ्या गाड्या एकाच वर्षाच्या असल्या की देखावा शोरूमसारखा वाटतो.

५. १९५८ चे मडगाव स्टेशन करतोय. बाहेर टॅक्सी म्हणून ॲम्बेसिडर ठेवू का?

नको. ही चूक आम्हाला सर्वांत जास्त दिसते. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोवा पोर्तुगीज अमलाखाली होता, शेवटची काही वर्षे भारताशी व्यापार आणि रेल्वेचा संबंध तुटलेला होता. भारतात बनलेली ॲम्बेसिडर तेव्हा मडगावच्या स्टेशनबाहेर भाड्याला उभी राहणे संभवत नाही.

त्याऐवजी युरोपातून थेट आलेल्या गाड्या घ्या: मर्सिडीज १८०, फोक्सवॅगन बीटल, ओपेल, इटलीची फियाट. मर्सिडीज १८० चे उत्पादन १९५३ ते १९६२ या काळातले. गोव्यात ती टॅक्सी म्हणून धावे आणि मुक्तीनंतरही बरीच वर्षे रस्त्यावर होती. सोय अशी की १:८७ मध्ये नेमक्या याच जर्मन गाड्या सहज मिळतात. त्यामुळे मुक्तीपूर्व गोव्याचा लेआउट करणे त्याच काळातल्या पुण्या-मिरजेच्या लेआउटपेक्षा सोपे जाते.

बीटल घेताना मागची काच पाहा. १९५३ च्या सुरुवातीपर्यंत ती मधोमध दुभागलेली होती, मग अंडाकृती झाली आणि ऑगस्ट १९५७ पासून मोठी आयताकृती. १९५५ च्या देखाव्यात आयताकृती काचेची बीटल चालणार नाही. मॉरिस मायनरचेही तसेच: पुढची काच १९५६ पर्यंत दुभागलेली.

६. मुक्तीनंतरच्या देखाव्यात कोणती भारतीय गाडी केव्हापासून?

लेआउटच्या कामापुरती यादी अशी.

हिंदुस्तान लँडमास्टर १९५४ पासून. ॲम्बेसिडर १९५७ पासून, मार्क २ १९६२, मार्क ३ १९७५ आणि मार्क ४ १९७९ चा. फरक मुख्यतः पुढच्या जाळीत. १:८७ मध्ये ती जाळी जेमतेम काही मिलिमीटरची, तरी समोरून काढलेल्या फोटोत चूक उघडी पडते. स्टँडर्ड हेराल्ड १९६१ पासून. प्रीमियरची फियाट ११०० पन्नासच्या दशकापासून, पद्मिनी हे नाव मात्र १९७४ पासूनचे. मारुतीची व्हॅन १९८४, जिप्सी १९८५.

ट्रकमध्ये टाटा-मर्सिडीज १९५४ पासून. नाकावरचा मर्सिडीजचा तीन टोकांचा तारा टाटाशी असलेला करार संपेपर्यंत, म्हणजे १९६९ पर्यंतच्या ट्रकांवर. नंतरच्या ट्रकवर तो ठेवू नका. टाटा ४०७ ला १९८६ च्या आधी जागा नाही. महिंद्राची जीप मुक्तीनंतरच्या कुठल्याही वर्षात बसते. कदंब या गोव्याच्या सरकारी बस महामंडळाची स्थापना १९८० ची, म्हणून सत्तरच्या दशकातल्या स्टँडवर कदंबची बस नको. तिथे खासगी बस हवी, टपावर सामानाच्या कठड्यासह.

७. जर्मन मॉडेलचे स्टिअरिंग डावीकडे असते. बदलायलाच हवे का? आणि पोर्तुगीज काळात वाहतूक उजवीकडून होती ना?

दुसरा प्रश्न आधी. पोर्तुगालने १९२८ मध्ये उजवी बाजू धरली, पण गोव्याची सीमा ब्रिटिश हिंदुस्थानाला लागून असल्याने इथे डावी बाजूच राहिली. मुक्तीपूर्व देखाव्यातही गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगालाच ठेवा.

स्टिअरिंग बदलणे दहा मिनिटांचे काम. विकिंग-हेर्पाच्या गाडीचा तळ खाचेत बसवलेला असतो. पुढच्या चाकाजवळ नख घालून हलके उचकटा, आतली सीट आणि काचेचा तुकडा बाहेर येतो. स्टिअरिंगचे चाक धारदार ब्लेडने कापा आणि उजवीकडे ०.५ मिमीचे भोक पाडून चिकटवा. चिकटवायला सुपरग्लू नको, त्याच्या वाफेने काच आतून पांढरी पडते. फेविकॉलचा टिपूस पुरतो, फक्त रात्रभर वाळू द्या. काचाही त्यानेच बसवाव्यात. भारतीय बनावटीच्या प्रत्येक गाडीला हा बदल हवाच. मुक्तीपूर्व आयात गाडीचे स्टिअरिंग जुन्या फोटोत दिसेल तसे ठेवा.

८. नंबरप्लेट कशी करावी?

गोवा, दमण आणि दीव एकत्र होते तेव्हा नंबर ‘जीडी’ या दोन अक्षरांनी सुरू होई आणि पुढे तिसरे अक्षर येई. १९८९ च्या नव्या पद्धतीने ‘जीए ०१’ पणजी, ‘जीए ०२’ मडगाव असे आकडे आले. म्हणून १९७५ च्या गाडीवर ‘जीए’ नको.

रंग त्याहून महत्त्वाचा, कारण अक्षरे वाचता येत नाहीत पण रंग दिसतो. २००१ च्या नियमबदलापूर्वी खासगी गाडीला काळ्या पाटीवर पांढरी अक्षरे, भाड्याच्या गाडीला पांढऱ्या पाटीवर काळी. पिवळी पाटी त्यानंतरची. जुन्या ट्रकला पिवळी पाटी लावलेली फार दिसते, ती काढा.

एचओत पाटी साधारण ५.७ × १.४ मिमी. लेझर प्रिंट घ्या. इंकजेटची शाई आपल्या हवेत पसरते.

९. भारतीय ट्रक १:८७ मध्ये मिळतच नाही. मग करायचा कसा?

आपल्याकडे ट्रक बहुधा नुसता सांगाडा, बॉनेट आणि इंजिन असा विकला जाई आणि केबिन व हौदा स्थानिक बॉडीबिल्डर लाकडात बांधून देई. हे ध्यानात घेतले तर काम सोपे होते: जर्मन ट्रकचे फक्त नाक आणि चेसिस वापरायचे, बाकी आपण बांधायचे.

पायासाठी नाकवाला मर्सिडीज एल ३११ किंवा एल ३१२ घ्या. टाटा-मर्सिडीज याच घराण्यातला. केबिन बॉनेटच्या मागून, काचेच्या खालच्या कडेवर सरळ कापा. करवतीचे पाते ०.३ मिमीचे असावे, जाड पात्याने बॉनेटची कड उडते.

केबिन ०.५ मिमी प्लॅस्टिक शीटची. रुंदी २५ मिमी ठेवा, म्हणजे खरी २.२ मीटर. पुढची काच दोन सपाट भागांत, मध्ये उभी पट्टी. बाजू अगदी सरळ हव्यात, जर्मन केबिनची गोलाई इथे चालत नाही. टप पुढे दीड मिमी बाहेर काढा, त्या छज्जामुळेच ट्रक आपल्याकडचा दिसतो.

हौदा ५२ × २५ मिमी, फळी ६ ते ७ मिमी उंच. शीटवर दर १.७ मिमीला सुईने रेघ ओढा, म्हणजे १५ सेंटिमीटरच्या फळ्या होतात. बाहेरून दर ९-१० मिमीला उभा ठोकळा. रेघा जास्त खोल गेल्या की शीट वाकते, म्हणून आतूनही तितक्याच रेघा मारा.

रंगकामात केबिन आणि हौदा एकाच रंगाचा नको. मागची ‘हॉर्न ओके प्लीज’ची पाटी लेझर प्रिंट करून चिकटवा. हाताने लिहायचा हट्ट इथे सोडावा.

१०. खनिजाच्या ट्रकमध्ये माल किती भरायचा? मी शिगोशीग भरला तर लोक म्हणतात चुकीचे आहे.

ते बरोबर सांगतात. सुट्या लोहखनिजाचा एक घनमीटर सुमारे अडीच टन भरतो. दहा टनी ट्रकमध्ये म्हणून चारच घनमीटर माल. साडेचार मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद हौद्यात त्याचा थर ४० सेंटिमीटर, म्हणजे एचओत साडेचार मिमी. हौद्याच्या फळीखाली बरीच जागा रिकामी दिसली पाहिजे, माल मधोमध थोडा उंच आणि कडांना उतरता. रेल्वेच्या वाघिणींनाही हेच लागू. शिगोशीग भरायचा असेल तर नारळ, गवत किंवा लाकूडफाटा भरा.

आतून थर्माकोलचा तुकडा बसवून वर फेविकॉल आणि बारीक चूर. कोणता चूर, ते पुढच्या उत्तरात.

११. गोव्याची तांबडी धूळ गाड्यांवर कशी आणायची? खरी माती वापरली तर?

वापरता येते, पण तीन गोष्टी करूनच. चिऱ्याचा चुरा मलमलच्या दुहेरी कापडातून चाळा, नाहीतर एचओत प्रत्येक कण दगडाएवढा दिसतो. ओव्हनमध्ये ११० अंशांवर अर्धा तास भाजा, नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते. मग चुऱ्यावरून कागदात गुंडाळलेला लोहचुंबक तीन-चारदा फिरवा. चिऱ्यात लोह असते आणि त्यातले जे कण चुंबकाला चिकटतात, तेच पुढे इंजिनाच्या मोटारीत जाऊन बसतात. खाणीवरचे खरे खनिज लेआउटवर आणूच नका.

गाडीवर मात्र आम्ही गेरू सुचवतो. गेरूची बारीक पूड मऊ ब्रशने चाकांच्या कमानी, पायदान आणि मागच्या फळीवर लावा. तो एकटा फार भगवा दिसतो, त्यात चिमूटभर तपकिरी पावडर मिसळा. धूळ खालून वर विरत जाते: चाकांवर दाट, खिडकीच्या रेषेवर जवळजवळ नाही. पुढच्या काचेवर वायपरचे दोन कमानी भाग स्वच्छ ठेवा. खाणपट्ट्यात, म्हणजे सावर्डे, कुडचडे, डिचोलीकडच्या देखाव्यात रस्त्याकडेची झाडेही तांबडी हवीत. गाड्या तांबड्या आणि पाने हिरवीगार, असे असले की काहीतरी खटकते.

शेवटी मॅट वार्निश. त्याने धूळ निम्मी दिसेनाशी होते, म्हणून आधी थोडी जास्तच लावा.

१२. जूनमध्ये स्प्रे केलेला रंग पांढुरका का पडला?

हवेतल्या ओलाव्यामुळे. द्रावक झपाट्याने उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प धरते आणि रंगात अडकते. दमट दिवशी लॅकर स्प्रे टाळा. ॲक्रिलिक रंग ब्रशने लावा, किंवा गाडी आणि डबा दोन्ही एसी चाललेल्या कोरड्या खोलीत तासभर ठेवा आणि पातळ थर द्या. पांढरा पडलेला लॅकर बहुधा कोरड्या दिवशी त्याच वार्निशचा एक हलका हात दिला की सुधारतो.

१३. डायकास्ट गाडीवर पांढरी भुकटी आली आहे. इतर गाड्यांना लागेल का?

लागत नाही, तो संसर्ग नव्हे. पण दोन वेगळ्या गोष्टी ओळखा. रंग उडालेल्या जागी वरवर भुकटी असेल तर ती खाऱ्या हवेने आलेली जस्ताची गंज. मऊ ब्रशने झाडा, प्रायमर लावा. अंगाला भेगा, फुगवटा, वाकडा तळ असेल तर मिश्रधातूतच दोष आहे. ओतताना शिशासारखी भेसळ राहिली की असे होते आणि दमटपणा ते वाढवतो. त्यावर उपाय नाही.

साठवण हवाबंद डब्यात, सिलिका जेलसह. दहा लिटरच्या डब्याला ५० ग्रॅम पुरे. निळे दाणे गुलाबी झाले की ११०–१२० अंशांवर दोन तास तापवून पुन्हा वापरा. पुठ्ठ्याची मूळ खोकी वेगळी ठेवा, बुरशी तिथूनच येते. रबरी टायर प्लॅस्टिकला टेकलेले ठेवू नका. टायरमधला मऊ करणारा पदार्थ प्लॅस्टिकमध्ये उतरतो आणि खड्डा पडतो. मध्ये ॲल्युमिनियम फॉइल घाला.

१४. हेडलाइट लावायचे आहेत.

वॉर्म व्हाइट घ्या. थंड निळसर पांढरा दिवा जुन्या गाडीला अजिबात नको. ०४०२ या अगदी बारीक मापाचे दोन एलईडी एकामागे एक जोडून १२ व्होल्टवर ३.३ किलोओहमचा रोधक लावा, साधारण १.८ मिलिअँपिअर जातात आणि उजेड पुरतो. तारा तळातून रस्त्याखाली. केबिन चमकू लागली तर आतून काळा रंग द्या.

१५. थ्रीडी प्रिंट करून ॲम्बेसिडर किंवा रिक्षा काढता येईल का?

येते, रेझिन प्रिंटरवर. १:६४ ची फाइल एचओसाठी ७३.६ टक्के करा, १:७६ ची ८७.४ टक्के, १:४३ ची ४९.४ टक्के. घोटाळा इथेच होतो: आकार घटवला की काचांमधल्या पट्ट्याही पातळ होतात आणि अर्ध्या मिमीखाली गेल्या की धुतानाच मोडतात. पट्ट्या फाइलमध्ये वेगळ्या जाड करा. आत पोकळी असेल तर तळाला दोन भोके हवीत. आत राहिलेले कच्चे रेझिन काही महिन्यांनी रंगातून पाझरते. स्केल तपासायला प्रश्न २ मधली मापे वापरा.

१६. माझे रूळ मीटरगेजचे आहेत. गाड्यांचे स्केल बदलते का?

स्केल रुळांवर नाही, इंजिन-डब्यांवर ठरते. १२ मिमी रुळावर १:८७ चा मीटरगेज चालवत असाल तर गाड्या १:८७ च्याच. ९ मिमी रुळावर १:१२० चा मीटरगेज असेल तर टीटी, म्हणजे १:१२० च्या गाड्या लागतील, एनच्या नव्हेत. इथे गफलत होते, कारण रूळ एनचेच दिसतात. मुरगाव ते कॅसलरॉक मार्ग नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. मीटरगेज दाखवत असाल तर रस्त्यावर त्यानंतरची गाडी नको (प्रश्न ४).

१७. गाड्या रस्त्यावर चिकटवाव्यात का? आणि किती?

चिकटवू नका. तळात ०.५ मिमीची पितळी पिन आणि रस्त्यात भोक, म्हणजे हवी तेव्हा उचलता येते. पुढची चाके थोडी वळवली तर गाडी चालती वाटते. फाटकाजवळ ठेवण्यापूर्वी सर्वांत लांब डबा वळणावरून फिरवून बघा, टोक किती बाहेर येते ते कळते.

चार बाय दोन फुटांच्या एचओ लेआउटवर साठच्या दशकातल्या गोव्यासाठी तीन-चार मोटारी, एक ट्रक, एक बस, बाकी सायकली आणि बैलगाड्या. गर्दी दाखवायची असेल तर ती फेरीबोटीच्या धक्क्यावर दाखवा. मांडवीवर पूल येण्यापूर्वी गाड्या तिथेच रांगेत उभ्या राहत. तो पूल ५ जुलै १९८६ ला कोसळल्यानंतरही फेरीवर भार पडला, म्हणून १९८७ च्या देखाव्यातही मारुती, ट्रक आणि बस यांची रांग खरी ठरेल. तीनपदरी रस्ता मात्र नको. दुपदरी रस्ता एचओत ८० मिमी, गावातला ३५ ते ४० मिमी.

१८. दूधसागरच्या पुलाचा देखावा करतोय. तिथे कोणती गाडी शोभेल?

पुलाजवळ कोणतीच नाही. दूधसागर स्टेशनला मोटाररस्ता पोचत नाही. जीप कुळ्याहून जंगलातून धबधब्याच्या खालच्या अंगाला जाते, तीही दाखवायची तर देखाव्याच्या तळाशी, झाडांत, मातीच्या वाटेवर. गाड्यांची हौस कुळे स्टेशनच्या आवारात भागवा: जीप, एखादा खनिजाचा ट्रक आणि सावलीला उभी टॅक्सी.